जगदेवीअक्कांनी जबाब फिरवला

जगदेवीअक्का दुसऱ्याच्या तोंडचं बोलायच्या. त्यांचे यजमान शिवमूर्ती हयात होते तेव्हाची गोष्ट. त्यांचं पोट दुखत होतं, मी शेजारचा म्हणून दोघांना घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी शिवमूर्तींना विचारलं, "कुठं दुखतंय?" उत्तर आलं अक्कांकडून. "डाव्या कुशीत. जेवल्यावर दुखतंय. सांगत न्हाईत, पण दुखतंय." डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं तर दुखणं निघालं उजवीकडं. तरी शिवमूर्तींनी डावीकडंही थोडं दुखतंय असं कबूल केलं. भला माणूस, बायकोला चारचौघांत खोटं पाडायचं त्यांच्या जिवावर आलं.

आमच्या लातूरकडं याला माया म्हणतात. पाहुण्यांच्या घरी पोराला कुणी "भाकरी वाढू का रे?" म्हणून विचारलं, तर आई म्हणणार, "नको, पोट भरलंय त्याचं." पोरगं रिकाम्या ताटाकडं बघत बसणार. मोठ्यांच्या बैठकीत बोललं तर आगाऊ, गप्प बसलं तर शहाणं. मी लहानपणी फार शहाणा होतो. त्याचं फळ म्हणून पंचावन्नाव्या वर्षी दुसऱ्यांचं बोलणं टाइप करत पोट भरतोय.

मी मल्लिनाथ. हरवलेल्या, टाकलेल्या, घरातून पळालेल्या मुलांचं काय करायचं हे ठरवणारी एक समिती आहे, तिथं मी कंत्राटावर टंकलेखक आहे. मंगळवार आणि शुक्रवार हे बैठकीचे दिवस. मुलाला त्याचं म्हणणं विचारायचं असा कायदाच आहे, आणि अध्यक्ष मॅडम ते न चुकता विचारतात. मूल दोन शब्द बोलतं, नाहीतर रडतं, नाहीतर नखं खातं. मग मी लिहितो, "बालिकेस विचारणा केली असता तिने संस्थेत राहण्याची इच्छा व्यक्त केली." हे वाक्य मी कॉम्प्युटरात साठवूनच ठेवलं होतं. मुलगा असला की बालिकेच्या जागी बालक करायचं, एवढीच काय ती मेहनत.

शिवमूर्ती गेले, मुलगा अमरेश पुण्याला नोकरीला लागला, तिकडंच त्यानं संसार थाटला. अक्कांना घर खायला उठलं. मीच त्यांना एका मुलींच्या निवासगृहात गृहमातेच्या जागेसाठी अर्ज करायला लावला. चाळीस मुलींची वेणीफणी, जेवण, दुखणीखुपणी. अक्का तिथं अशा रमल्या की जणू त्या जागेसाठीच जन्माला आल्या होत्या. कुणाला किती भूक आहे, कुणाला थंडी वाजते, कुणाला कुठली भाजी आवडत नाही, हे अक्काच सांगायच्या. मुलींना विचारायची गरजच उरली नाही.

अशात सेनुआरा आली. दहा वर्षांची. नांदेड स्टेशनावर फलाटाच्या टोकाला एकटी बसलेली सापडली आणि तिथून लातूरला पाठवली गेली. ती रोहिंग्या होती. ब्रह्मदेशातलं त्यांचं गाव जाळलं गेलं, बाप मेला, आई सरहद्दीपलीकडच्या छावणीत राहिली, आणि ही चाचा आणि खालाबरोबर, म्हणजे मावशीबरोबर, हैदराबादच्या एका वस्तीत आली. पुढं चाचाला नांदेडला इमारतीच्या कामावर बोलावणं आलं, तो हिला सोबत घेऊन निघाला. स्टेशनावर कागदपत्रांची तपासणी झाली. चाचाला पोलीस घेऊन गेले, तो "हितंच बस" म्हणून सांगून गेला, आणि ती बसली. दीड दिवस बसली.

ही सगळी हकिकत नंतर कळली. पहिले तीन आठवडे पोरीनं तोंड उघडलं नाही. डॉक्टर आले, समुपदेशक बाई रंगीत खडू घेऊन आल्या, काही उपयोग नाही. एक दिवस निवासगृहाच्या दारात मोसंबीवाल्याशी अक्कांची हुज्जत चालली होती. अक्का भाव करताना नेहमी दखनीवर येतात. "नक्को जी, तुम्हारी मोसंबी नक्को! कायकू लूटते गरीबां को?" सेनुआरा पायरीवर बसली होती, तिनं मान वर केली. हैदराबादच्या वस्तीत दोन वर्षं कानावर पडलेली ती भाषा होती. मोसंबीवाला गेल्यावर ती अक्कांजवळ आली, त्यांना खाली वाकवलं आणि कानात पुटपुटली, "भूक लगी."

त्या दिवशी अक्कांनी मला मोसंबी आणून दिली आणि दोनदा तीच गोष्ट सांगितली. त्यांचा चेहरा लग्नातल्या करवलीसारखा फुलला होता.

तेव्हापासून पोरगी बोलायची ती फक्त अक्कांच्या कानात. आवाज एवढा बारीक की शेजारच्याला ऐकू येऊ नये. अक्का ते मोठ्यानं सगळ्यांना सांगायच्या. सेनू म्हणती पाणी पायजे. सेनू म्हणती गणित जमतंय. ती त्यांना अम्मा म्हणायची. रविवारी अमरेशचा फोन आला की अक्का आधी स्वतःची तब्येत सांगायच्या, आता सेनूची सांगायला लागल्या. घरी आल्या की त्यांच्या हातात कसली तरी लहान मापाची वस्तू असायची. परकर, चप्पल, केसांना लावायच्या पिना. मी चिडवायचो, "अक्का, नातीचं लग्न ठरलं का काय?" त्या हसायच्या. मला ते बघून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

चौदा महिन्यांनी खालाचा पत्ता लागला. एका संस्थेनं हैदराबादच्या वस्तीत फोटो दाखवत फिरून तिला शोधून काढलं. पोलिसांच्या भीतीनं तीही बिचारी कुठं तोंड उघडायला गेली नव्हती. तिच्याकडं निर्वासिताचं कार्ड होतं. सेनूचं नाव मात्र चाचाच्या कार्डावर होतं, आणि चाचा अजून अडकलेला. म्हणजे पोरीला स्वतःच्या नावाचं कार्ड हवं, आणि ती कुणापाशी राहणार हेही ठरायला हवं. कार्डाचं काम निर्वासितांचं दिल्लीतलं कार्यालय बघणार होतं, राहण्याचं आमची समिती. दिल्लीवाले व्हिडिओवर मुलीशी बोलणार होते, पण त्याआधी समितीनं तिचं म्हणणं लिहून पाठवायचं होतं.

मंगळवारची बैठक. मॅडमनी मायेनं विचारलं, "बाळ, तुला कुठं राहायचंय? इथं की मावशीकडं?" अक्का खाली वाकल्या. सेनू त्यांच्या कानात बोलत राहिली, कधी नव्हे एवढं लांब. माझं टेबल अगदी शेजारी. मला तीन वेळा "खाला" ऐकू आलं. एकदा "अभीच जाना" असंही ऐकू आलं.

अक्का सरळ झाल्या. सांगून झालं म्हणून सेनू बाहेर पळाली. अक्कांनी पदर सारखा केला. "हितंच राहायचं म्हणती," त्या बोलल्या. "शाळा सोडवत न्हाई म्हणती."

मॅडम समाधानानं हसल्या. त्यांच्या जागी कुणीही हसलं असतं. खाला राहायची पत्र्याच्या खोलीत, कचरा वेचायची, आणि इकडं शाळा, दूध, पलंग. मी साठवलेलं वाक्य उघडलं आणि चिकटवलं. मी ऐकलं होतं, तरी चिकटवलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब असं लोक म्हणतात, पण हे काम माझ्या हातून अर्ध्या मिनिटात झालं.

सेनूला वाटलं, अम्मानं सांगितलं म्हणजे झालं. तिनं कपडे पिशवीत भरले. शाळेतून आली की पिशवी घेऊन पायरीवर बसायची आणि अक्कांना वाकवून विचारायची, "कब जाना?" अक्का म्हणायच्या, "साहेब लोगां देख रहे, बेटा." ती मान डोलवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी, पुन्हा पायरी. नऊ दिवस हे चाललं. दुपारचं ऊन पायरीवर यायचं तरी ती आत जायची नाही, खाला आली आणि आपण दिसलो नाही तर परत जाईल म्हणून.

दहाव्या दिवशी शाळेतल्या बाईंनी तिला शाबासकी दिली. "आता तू इथंच राहणार म्हणे! तूच सांगितलंस ना समितीला? शहाणी गं बाई."

पोरीनं निवासगृहात येऊन पिशवी रिकामी केली. कपडे घडी करून फळीवर ठेवले. रडली नाही, रुसली नाही. फक्त अक्कांच्या कानात बोलणं बंद केलं. अक्का स्वतःहून वाकायच्या, कान पुढं करायच्या, आणि सेनू नुसती मान हलवायची. जेवली का, हौ. झोपायचं का, हौ. डोकं दुखतंय का, हौ. सगळ्याला हौ. निवासगृहातल्या बायका म्हणायला लागल्या, काय गुणाची पोर आहे, आता जराही त्रास नाही.

त्या आठवड्यात समितीच्या कागदाची प्रत सहीसाठी घेऊन मी निवासगृहात गेलो. अक्का कोठीत ज्वारी निवडत बसल्या होत्या. कागद त्यांनी हातात घेतला, बोट ठेवत ठेवत वाचला, आणि परत माझ्यापुढं धरला.

"मल्लिनाथ, तुला ऐकू आलं न्हवतं का रे त्या दिवशी?"

"आलं होतं," मी म्हणालो.

"मग तू कामून लिवलंस?"

"तुम्ही सांगितलं ते लिहिलं. आता माझ्यावर कशाला येताय? तुम्ही कामून सांगितलं?"

मला राग आला होता. स्वतःची चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की माणसाला येतो तसा. अक्का ज्वारीतले खडे बाजूला सारत राहिल्या. मग बोलल्या.

"मी नऊ वर्साची होते. आमचं गाव औरादच्या पलीकडं, समदं कानडी. उदगीरच्या आत्याला लेकरू न्हवतं. ती आली, बैठक बसली, कुणीतरी इचारलं, पोरीला इचारा की. बाप म्हणला, पोरगी राजी हाय. मी गोठ्याच्या दारात हुबी होते. मला कुणी इचारलंच न्हाई. आत्यानं लई लाड केले, मी न्हाई म्हणत न्हाई. सोन्याचे डूल केले मला. पर तिच्या घरात समदे मराठी बोलायचे, अन् मला रडूबी कानडीत यायचं." त्या जराशा हसल्या. "मग मी रडणं सोडलं. समद्याला हाव म्हणायला लागले. तर समदं उदगीर म्हणलं, काय शहाणी पोर हाय. आज पन्नास वर्सं झाली. अजून कुणी 'बा मगळे' म्हणून हाक मारली बाजारात, ये गं लेकी म्हणून, तर मी वळून बघते. दुसऱ्याच्याच लेकीला मारलेली असती."

मी तो कागद घडी करून खिशात घातला.

"मला बी तिची लई माया लागली रे," त्या म्हणाल्या. "ती गेली तर मी काय करू? हे एवढंच इचारलं मी मला. तिला काय इचारलंच न्हाई."

शुक्रवारी अक्का समितीपुढं येऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. "मॅडम, मी खोटं सांगितलं. पोरगी मावशीकडं जायचं म्हणली होती. मी माझ्या मनचं सांगितलं."

मॅडम चिडल्या, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. "अक्का, हा जबाब फिरवणं झालं. दिल्लीला कागद गेलाय. तुमच्या जागेवर राहाल की नाही, मला सांगता येत नाही."

"नगा ठेवू," अक्का म्हणाल्या. "पर तिला इचारा."

मी तेव्हा उठून सांगायला हवं होतं, की मॅडम, मलाही ऐकू आलं होतं. मी सांगितलं, पण बैठक उठल्यावर, मॅडम चपला घालत असताना. माझी छाती तेवढीच. मॅडमनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलो नाही.

दिल्लीचा व्हिडिओ पुढच्या मंगळवारी होता. मधे तीनच दिवस, आणि पोरगी तर बोलेना. अक्कांनी तिला पायरीवर बसवलं, स्वतः तिच्याखालच्या पायरीवर बसल्या. मी तिथं होतो म्हणून सांगतोय. त्या म्हणाल्या, "सेनू, तू बोली वो मैं नइ बोली. मैं झूट बोली. तेरेकू रखना था मेरेकू, मेरे पास." मोठ्या बाईनं लहान पोरीची माफी मागायची आमच्याकडं रीत नाही. अक्कांना ती मागायची कशी हेही नीट कळत नव्हतं. त्यांनी पोरीचे दोन्ही हात धरले आणि आपल्या गालांवर ठेवले. सेनूनं हात काढून घेतले. आत निघून गेली.

मंगळवारी मॅडमच्या खोलीत लॅपटॉप लावला. पडद्यावर दिल्लीच्या कार्यालयातल्या बाई, चाळिशीतल्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी आधी सांगितलं की मुलीला जेव्हा वाटेल तेव्हा तिनं थांबावं, पाणी प्यावं, नको त्या प्रश्नाला उत्तर देऊ नये, आणि खोलीत कोण असावं हेही तिनंच ठरवावं. असं कुणी मुलाला सांगितलेलं मी नोकरीच्या नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं. अक्का उठल्या. म्हणाल्या, मी बाहेर बसते, माझ्यामुळं नको.

त्या दारापर्यंत गेल्या आणि सेनू उठली. तिनं त्यांचा पदर धरला. धरून परत खुर्चीपाशी आणलं, खाली वाकवलं, आणि कानाला तोंड लावलं. किती दिवसांनी! अक्कांनी डोळे मिटून घेतले.

मग त्या एकेक वाक्य ऐकायच्या, सरळ व्हायच्या, आणि जसंच्या तसं बोलायच्या. मधे एक शब्द नाही, पदरचा काही नाही. दिल्लीच्या बाईंनी गाव विचारलं, आग विचारली, बापाचं विचारलं. अक्कांनी सगळं सांगितलं. सांगताना आवाज कापला तर थांबल्या, पण बदललं काही नाही. मी टाइप करत होतो. साठवलेलं वाक्य या वेळी कुठंच बसत नव्हतं.

शेवटी बाईंनी विचारलं, "कहाँ रहना है, बेटा?"

सेनू कानात बोलली. अक्का म्हणाल्या, "मेरेकू खाला होना, बोलती." होना म्हणजे हवी.

"वहाँ घर छोटा है. स्कूल दूर है. मालूम है?"

"मालूम है, बोलती. वहाँ चूहे भी हैं, बोलती."

"लातूर में अच्छा नहीं लगता?"

या वेळी सेनू बराच वेळ बोलली. अक्का वाकलेल्याच राहिल्या. मग सावकाश सरळ झाल्या. मॅडमनी पाण्याचा पेला पुढं केला, त्यांनी तो घेतला नाही.

"अच्छा लगता, बोलती. अम्मा अच्छी है, बोलती." अक्कांनी सेनूकडं पाहिलं. "पन मैं नींद में बात करती, बोलती. इधर किसीकू समझता नइ."

दिल्लीच्या बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी अक्कांना विचारलं, "आपको कुछ कहना है?"

गेल्या साठ वर्षांत अक्कांना असं कुणी विचारलं असतं, तर त्यांनी पोथी वाचावी तसं सांगितलं असतं. त्या म्हणाल्या, "न्हाई. तिचं सांगून झालं."

मी कागदावर ते तसंच लिहिलं, नींद, खाला, उंदीर, सगळं. मॅडमनी वाचलं आणि एक अक्षर न बदलता सही केली. साठवलेलं वाक्य मी त्याच दुपारी पुसून टाकलं. यात मोठेपणा काही नाही, लाज वाटली म्हणून पुसलं.

सात आठवड्यांनी सेनूच्या नावाचं कार्ड आलं. खालाकडं ठेवायला परवानगी मिळाली, अधूनमधून हैदराबादच्या संस्थेनं बघून यायचं या अटीवर. अक्कांची जागा राहिली, फक्त ताकीद मिळाली. त्या सात आठवड्यांत त्यांनी सेनूला दोन फ्रॉक शिवले, एक आताच्या मापाचा, एक पुढच्या वर्षाच्या. तो मोठा फ्रॉक पुन्हा पुन्हा उलगडून बघायच्या. मी चिडवलं नाही.

खाला आली ती सकाळच्या बसनं. किडकिडीत, तिशीची बाई, काळा बुरखा धुळीनं पांढरा झालेला. निवासगृहाच्या फाटकाशीच घाबरून उभी राहिली, आत यायला कुणी सांगेल म्हणून. अक्का आणि मी पायरीवर होतो. आतून सेनू आली.

तिनं खालाला पाहिलं आणि ओरडली. मग पळत सुटली आणि पळता पळताच बोलायला लागली, तिच्या त्या दूरच्या भाषेत, भराभर, खणखणीत, सबंध रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. सोळा-सतरा महिन्यांचं साचलेलं सगळं. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. खाला रडत होती, मधेमधे काही विचारत होती, आणि ही थांबतच नव्हती, हात हलवत, हसत, रागावत, पुन्हा हसत. त्यातला एक शब्द आम्हाला कळला नाही.

अक्का दोन्ही हातांत फ्रॉकची पिशवी धरून ऐकत होत्या.

"मल्लिनाथ," त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, हिचा आवाजच बारीक हाय."

आणि मग त्या रडल्या, भर रस्त्यावर, चार लोकांदेखत, पदर तोंडाला न लावता.